चौथा खूर

उणे एकतीस. उलानबातरवर कोळशाचा धूर
ओल्या रजईसारखा दाबून बसलेला.
वॉर्डात शिरण्याआधी मी स्टेथोस्कोप काखेत धरते.
दावगादोर्ज सरांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
"आधी धातू गरम करा, मग प्रश्न विचारा."

बाकीचं पाठ आहे.
कप्पे चार, झडपा चार,
पीची टेकडी, क्यूआरएसचा सुळका, टीचा सावकाश उतार.
आणि हे एक, ज्यानं मला दोन रात्री झोपू दिलं नाही:
साऱ्या अंगाला रक्त पोचवणारं हृदय
स्वतःचा घास घेतं
ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात.
नाडी पळायला लागली
की आधी आखडतो तो हा विसावा.

खाट सात. लुव्सानदांबा, वय एकाहत्तर,
आर्खांगायचा. शर्यतीचे घोडे तयार करण्यात जन्म गेला.
झोपायला तीन उशा लागतात. मागल्या आठवड्यात दोन लागायच्या.
नडगीवर अंगठा दाबला, उचलला,
खळगा तसाच राहिला,
चिखलात खूर उमटावा तसा.
मानेची शीर पार कानाच्या पाळीपर्यंत भरलेली.

"डाव्या कुशीवर वळा, आजोबा. श्वास सोडा. थांबा."
बेलची बाजू अलगद टेकवली;
जोरानं दाबलं की तो आवाज पळून जातो.
लब्. डब्. आणि लगेच,
बुरणुसावर कुणी मूठ आपटावी तसं
एक तिसरं.
लब्-डब्-ढप्.
लब्-डब्-ढप्.

"काय ऐकतेस एवढं?"
"घोडा." तोंडातून निसटलंच.
"पुस्तकात लिहिलंय, चौखूर धावणाऱ्या घोड्यासारखा आवाज."

त्यांनी नुसता हात पुढे केला.
मी नळ्या त्यांच्या कानांत बसवल्या.
चांगला मिनिटभर. डोळे मिटलेले,
चादरीखाली गुडघे आवळलेले, जणू खोगिरावर.
मग माझ्याकडे पाहिलं, अडखळणाऱ्या शिंगराकडे पाहावं तसं.
"पोरी, पुस्तक लिहिणारा कधी घोड्यावर बसलाय का?
भरधाव घोड्याचे ठोके चार.
हे तीन आहेत. ही दुडकी.
दमलेलं जनावर आहे. स्वारानं उतरायला हवं."

मला सांगायचं होतं,
कप्पा ताणलाय, भिंत सैल पडलीय,
आधीच भरल्या घरात रक्त धपकन येऊन पडतंय.
सांगितलं मात्र वेगळंच, त्यांच्या बायकोला,
जी थर्मास उघडून वाडग्यात दुधाचा चहा ओतत होती:
"आजी, मीठ नको."
तिनं थर्मासचं झाकण लावलं.
मिठाशिवायचा चहा म्हणजे काय, हे तिला विचारायचं असावं;
विचारलं नाही.

पाचवा दिवस. फुरोसेमाइड. वजन चार किलो कमी.
उशी एकच. नडगीवरचा खळगा लगेच भरून आला.
मी कान लावला, पुन्हा लावला, जागा बदलून लावला.
"काय ऐकू येतंय, खुलान?" सरांचा आवाज, मागे सहा मुलं.
"दोनच ठोके, सर."
"आणि सोमवारी जो होता, त्या आवाजाला काय म्हणतात?"
मार्क कुठल्या उत्तराला आहेत, मला ठाऊक होतं.
"चौखूर," मी म्हणाले.

खाट सातवर
कुणीतरी मोठ्यानं खाकरलं.