बाराव्या रांगेतला कुत्रा

सकाळी साडेआठला बटण दाबते
आणि चार मजले उतरून कॉफी प्यायला जाते.
अबीलिओच्या दुकानात, उभ्या उभ्या,
त्याच्या गुडघ्याची विचारपूस करून
पोर्तोचा तो दमवणारा चढ परत चढून येते
तेव्हा यंत्र नुकतंच जागं होऊन
मला ओळखायचा प्रयत्न करत असतं.

अकरा वर्षांचं आहे.
माझ्या कामाच्या मानाने पोरगेलंच.
ज्या भिंतीच्या टाइल्स मी त्यात भरते
ती अडीचशे वर्षांची, एका मठाच्या जेवणघरातली:
पांढऱ्यावर निळी शिकार,
अकराशे चौऱ्याऐंशी तुकडे.
एकेक स्कॅन करायचा, तडा तड्याला जुळवायचा,
आणि पंखा घोंघावत राहतो
बंद काचेमागे सापडलेल्या गांधीलमाशीसारखा.

कंपनी म्हणाली होती, नवं वसंतात काढू.
कुठल्या वसंतात, ते म्हणाली नव्हती.
मी तीन मोजले.
दरम्यान त्यांनी फोन काढले, घड्याळं काढली,
कानात घालायचे मणी काढले.
टेबलावर बसणाऱ्या या थोरल्याचं
नाव मात्र कुणी काढलं नाही.

आज जुनंच मॉडेल घ्यावं
आणि उद्या नवं यावं, एवढीच भीती.
या एका उद्यापायी
हजारभर आज घालवले.

भाचा झेफेरिनो म्हणतो, मावशी, दुसऱ्या कंपनीचं घे,
निम्म्या किमतीत दुप्पट वेग.
त्याच्याकडे जाऊन पाहिलं.
माझा निळा तिथे जांभळ्याकडे झुकत होता.
वळण लावता येतं गं, तो म्हणाला.
माझ्या नवऱ्याबद्दल आईनेही हेच सांगितलं होतं.

संग्रहालयातली ग्रासिएते म्हणते, लॅपटॉप.
त्या पडद्यावर कुत्रा मावतो,
हरीण बाहेर राहतं.

मग ब्रागाला गेले, आगगाडीने.
एक बुडालेली ट्रॅव्हल एजन्सी यंत्रं विकत होती.
नऊ होती, भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.
एकाच्या पडद्याला अजून चिठ्ठी:
‘फुन्शाल, श्रीमती पाल्मिरा, दोन तिकिटं, खिडकीजवळ.’
मी मेमरीचे दोन पट्टे घेतले
आणि ती चिठ्ठी.

बाराव्या रांगेत कुत्र्याचं तोंड हरवलंय.
माझ्या आधीच्या कारागिराने तिथे
कुठल्याशा फुलदाणीचा तुकडा बसवला होता.
निळा होता. मापात होता.
पन्नास वर्षं तो कुत्रा
मानेतून फूल उगवलेला, हरणामागे धावला.
मी तो तुकडा काढला, चुना भरला, जागा कोरी ठेवली.
अहवालात लिहिलं: मूळ सापडेपर्यंत.
सापडणार नाही, हे मठाच्या मांजरालाही ठाऊक आहे.

आणि परवा संध्याकाळी झेफेरिनोचा फोन:
मावशी, निघालं!
हातात ओला ब्रश तसाच धरून वाचत गेले.
देखणं आहे. सडपातळ. पंख्याचा आवाजच नाही म्हणे.
मागच्या बाजूचं चित्र मोठं करून पाहिलं,
बोट ठेवून दोनदा मोजलं:
माझ्या स्कॅनरचा दात रुतेल अशी खाच
तिथे उरलेली नव्हती.

वेगळी जोडणी मिळेल, तो म्हणाला, नोव्हेंबरात.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.

आज अबीलिओ सांगत होता,
ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली.
काठी घे, लोक म्हणतात.
काठी घेतली की ते मला विसरतील, तो म्हणाला,
आणि माझा कप पुसून ठेवला.

वर आले. टाइल्स झाडायच्या मऊ ब्रशने
पंख्यातली धूळ काढली, पट्टे बसवले.
कुत्रा डावीकडून उमटत गेला:
शेपूट, मांड्या, पोट, छाती,
ताणलेला गळा,
आणि मग तो पांढरा चौकोन,
सगळ्यात पटकन लोड होणारा.