अवांतर

साइव्ह गॅरिगन.
इंग्रजीत तिच्या नावातली निम्मी अक्षरं नुसती उभी असतात,
बाराव्या खेळाडूसारखी, पाणी धरून.
मी देवनागरीत लिहून घेतलं, तिनं उच्चारलं तसं.
एकही अक्षर वाया गेलं नाही.
तेव्हा ती अठराची, मी सव्वीसची.
नेरुळच्या मैदानावर सराव सामना,
मंडपात दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलाचा एक पाय विटेवर.

शनिवार-रविवार मी धावा लिहिते.
बाकीचे दिवस वाशीच्या बाजारात, कांदा-बटाटा,
गोण्या, तोलाई, हमाली.
सासरे पाहुण्यांना सांगत, सून आकड्यांचं काम करते.
काही पाहुणे दचकून पोलिसांबद्दल विचारायचे.

ती नवव्या क्रमांकावर आली.
पहिलाच चेंडू पायाशी. टक् झालं की थप्प,
जनरेटरच्या घरघरीत कळलं नाही.
त्यात खाडीकडून वारा आला, टीपकागद उडाला,
मी वाकले.
शेजारचे फणसेकाका म्हणाले, लेग बाय.
मी लिहिलं: अवांतर, एक.
पुढच्या षटकात तिचा त्रिफळा उडाला.
गॅरिगन, शून्य.

संध्याकाळी चहा घेताना पंच म्हणाले,
त्या पोरीनं पहिली धाव काय नजाकतीनं काढली.
घोट तोंडातच राहिला.
पुस्तकावर सह्या होऊन गेल्या होत्या.

मग मी तिला वाचत राहिले, पेपरात शेवटच्या पानाच्या तळाशी,
नंतर फोनवर, गाळ्यावर गिऱ्हाईक नसताना.
डब्लिनच्या वर, समुद्राकाठी, सायकलवरून टपाल वाटायची.
दौरा आला की बिनपगारी रजा.
एका वर्षी पाकिस्तानविरुद्ध चार बळी,
त्याच वर्षी गुडघा.
मग दोन वर्षं काहीच नाही. ते रकाने कोरे.
एकोणतिसाव्या वर्षी पहिला पगारी करार,
तोवर बरोबरीच्या तिघी कंटाळून नोकऱ्यांना चिकटल्या होत्या.
किती सामने हरली ते मी मोजलं नाही.
बाजारात सडक्या गोणीचंही वजन होतं,
पण ते वेगळं.

आणि सराव सामना तर कारकिर्दीत धरतच नाहीत.
म्हणजे माझी चूक कुठेच नाही.
असं सोळा वर्षं स्वतःला समजावलं,
पटलं एकदाही नाही.

यंदा जानेवारीत ती परत आली. शेवटचा दौरा.
चार षटकं, एक निर्धाव, एकतीस धावा, बळी नाही.
सहा टिंबं जोडून निर्धाव षटकाची खूण काढताना
माझा हात जरा जास्तच जपून चालला.

सामना संपल्यावर जुनं पुस्तक घेऊन गेले.
दोरीपलीकडे ती बसलेली, गुडघ्यावर बर्फ.
माझं इंग्रजी पावतीपुरतं.
त्या एकावर बोट ठेवलं, म्हटलं,
ही धाव तुझी होती. माझी चूक.

तिनं धावेकडे पाहिलंच नाही.
नावाच्या शिरोरेघेवरून नख फिरवत राहिली.
हे मी?
हो, तू.
मग म्हणाली, धाव आठवत नाही.
त्या दिवशी माझ्या बुटाची नाडी तुटली होती.
एका बाईनं पिशवीतून सुतळी काढली,
माझ्यासमोर उकिडवी बसली, स्वतः ओवून दिली.
घरी पोचेपर्यंत तीच होती बुटात.
कांद्याचा वास यायचा. मुली हसायच्या.
कोण होती गं ती?

मला आठवेना.
खरंच आठवेना.
फणसेकाका असते तर सांगितलं असतं, किंवा नसतंही.

तिची बस सुटायला आली होती.
ती लंगडत गेली, वळून हात केला,
मी पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळलं,
पिशवीत चाचपून सुतळी काढली, नेहमीसारखी,
दोन वेढे दिले
आणि गाठ मारता मारता थांबले.