शून्य-बावन्न-चौतीस

कॉटन मार्केटात खताच्या दुकानी विचारलं,
शून्य-बावन्न-चौतीस आहे का.
"किती एकर हाये संत्रा?"
दोन फूट, म्हटलं.
लांबी दोन, रुंदी एक, उंची सव्वा.
काचेची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात झाडं.
तो हसला नाही. चहा सांगितला.
किलोच्या खाली पुडी फुटत नाही म्हणाला.
आठवड्याला चिमटीभर, या हिशोबानं
ती मला, बेबीताईला आणि पेटीतल्या माशांच्या
नातवंडांना पुरून उरेल.

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या.
लेबलं वाचता वाचता शिकले ते एवढंच
की कोणाला कोणाशेजारी ठेवायचं नाही.

तरी चुकले.
मे महिना, कुलर खडखडतोय, टाकीत पाणी नाही,
कंटाळून एकाच बाटलीत लोह आणि फॉस्फेट ओतलं.
आधी दुधट झालं, मग शिळ्या ताकासारखं पिवळट,
तासाभरात तळाला साका.
दोघं एकमेकांना असे बिलगले
की झाडाच्या वाट्याला कोणीच उरलं नाही.
भांडण म्हणा, लग्न म्हणा,
झाडाला काय फरक पडतो.
फेकवलं नाही. पैसे गेले होते.
कोपऱ्यात ओतून दिलं.

तेव्हापासून वार ठरले.
सोम, बुध, शुक्र: नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश.
मंगळ, गुरु, शनी: लोह, मँगनीज आणि बाकी बारीकसारीक मंडळी.
रविवारी अर्धं पाणी बदलायचं,
मागचं अर्धंच माफ केल्यासारखं.

आमचंही तसंच.
बेबीताई सकाळी बोलते, मी संध्याकाळी.
आईच्या पाटल्यांचा विषय
दोघींनी एकदम काढला की
घर गढूळ होतं, आणि निवळायला
तासभर पुरत नाही.

लोह एकटं टिकत नाही,
त्याला धरून ठेवणारं कोणी लागतं.
ईडीटीए सहा हातांनी धरतं, खेकड्यासारखं.
पण मानेवाड्यातलं बोअरचं पाणी,
बादलीच्या कडेला पांढरी रेघ सोडणारं;
त्यात कॅल्शियम मधे घुसतं,
हात ढिले पडतात.
म्हणून डीटीपीए आणलं. आठ हात. महाग.
बेबीताईला समजावून सांगितलं
तर म्हणाली,
आईला दोनच होते. पुरले.

कोपऱ्यातली क्रिप्टोकोरिन
वर्षभर जागची हलली नव्हती.
तो साका तिच्याच बुडाशी, गाळात,
जिथे हवा पोचत नाही.
हवा नसली की लोह पुन्हा पाण्यात उतरतं,
धरलेलं फॉस्फेट सोडून देतं,
आणि मुळं अंधारात येऊन टिपून घेतात.
पाठ होतं मला हे.
पाठ असणं वेगळं.

काल एक पान आलं.
वीटकरी, सुरळी केलेलं, उलगडायचं बाकी.

मंगळवार होता, दिवेलागणी,
बोलायची पाळी माझी.
बेबीताईनं काचेला नाक लावलं,
चष्मा पुसला, परत लावलं.
"हे गं कुठून आलं?" म्हणाली.