काचेवरचं पाणी

शनिवारी पहाटे साडेचारला
मठाच्या पायरीवर मी बुटांवरचं बर्फ झटकते.
रबरी बूट, कारखान्याचे.
माकुलीचा वास कितीही धुतला तरी जात नाही त्यांचा.
म्योशुन संन्यासिनी म्हणते, वासासकट आत ये.

आम्ही सात जण, तोंडं भिंतीकडे.
मध्ये रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली.
उजवीकडे म्हातारा हिरानुमा, एके काळचा पोस्टमन,
श्वास सोडताना त्याच्या नाकात शिटी वाजते.
डावीकडे बेकरीतली चिनात्सु,
तिच्यापलीकडे एक मुलगा, चार महिने झाले
अजून नाव सांगत नाही.

श्वास मोज, असं सांगितलंय मला. एक ते दहा.
मी तीनपर्यंत जाते.
चारवर दर वेळी सेइगोची होडी येते
आणि उलटते.

अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं मी माकुल्या साफ करते, दिवसाला नऊशे.
बोट घालायचं, आतडं ओढायचं,
शाईची पिशवी फुटू द्यायची नाही.
एकही तोंडात घातली नाही.
समुद्रानं त्याला परत दिलं नाही,
आणि खाली तळाशी कोण कोणाला खातं
हे मला कोणी समजावून सांगायला नको,
रोज पोटं उघडते मी.

त्सुगारूच्या किनाऱ्यावर समुद्र टाळून जेवायचं
म्हणजे काय, ते करून बघा.
मिसोचं सारसुद्धा वाळल्या मासळीवाचून.
मुळा. बटाटा. परत मुळा.

आज भिंतीवर, नाकाच्या समोर, एक चपटा तपकिरी किडा.
हिवाळ्यात हे मठात शिरतात, आमच्या उबेला.
चिरडला तर कोथिंबिरीसारखा घाण वास मारतो,
म्हणून कोणी चिरडत नाही. (म्योशुन याला करुणा म्हणते.)
तो चालेना. मी हलेना.
गुडघा ठणकत होता.
हिरानुमाची शिटी वाजली
आणि माझा श्वास तिच्यावरून बाहेर गेला,
जसा माझा नव्हताच.
चिनात्सुच्या पोटात गुडगुड झालं
आणि भूक मला लागली.
किड्यानं एक पाय उचलला.
माझ्या पायाला मुंग्या आल्या.
चार कधी येऊन गेलं, कळलं नाही.
मग पाच.
मग मोजायचं राहूनच गेलं, किटली वाजत होती,
किंवा कोणीतरी.

नंतर साफसफाई. माझ्याकडे खिडकी.
आतून काच पांढरी झालेली,
सात जणांचा श्वास, किटलीची वाफ,
किड्याचाही असेलच, त्याच्या मापाचा,
सगळं ओघळून चौकटीत साचलेलं.
मी फडकं हातात घेऊन उभी राहिले.
विचारलं, यातलं माझं कुठलं?

म्योशुन मुळ्याचं लोणचं कापत होती.
वर न बघता म्हणाली, फडकं पीळ.

पिळलं.
बादलीत ओंजळभर करडं पाणी.
ते मी मागच्या दारी गटारात ओतलं.
गटार उतारावरून जातं,
कारखान्याच्या पाठीमागून,
बर्फाखालून,
बंदराला.

बादली हातात तशीच धरून
किती वेळ उभी होते, माहीत नाही.
मुलगा आला, बादली घेतली,
म्हणाला, मी रेन्तो.
मला आधी वाटलं, पाण्याबद्दल काही सांगतोय.

संध्याकाळी कारखान्यातून एक माकुली विकत घेतली.
पर्यवेक्षकानं दोनदा पाहिलं माझ्याकडे.
घरी साफ करताना
शाईची पिशवी फुटली. माझ्या हातून!
बेसिन काळं, मनगटं काळी.
जाळीवर ठेवली. सोया सॉस टाकला.
शेजारणीचं मांजर दारात येऊन बसलं,
त्याला सोंडा दिल्या.

रडले वगैरे नाही.
चिवट झाली होती, चावून चावून जबडा दुखला.
सवय गेली माझी.
सेइगो दर वेळी ओरडायचा चुलीजवळून,
अगं उतरव,
कडा वळल्या की लगेच उतरव.