जोडवी

नवरा गेल्यापासून जोडवी पायात नाहीत,
तरी रोज दिवेलागणीला कडूबाई ती राखेनं घासते,
दाराबाहेरच्या खिळ्याला टांगते.
सकाळी काळी.

वाळूजला तिच्या पत्र्याच्या नऊ खोल्या, आम्ही भाडेकरू.
मला लिहिता येतं म्हणून वही माझ्याकडं:
तारीख. वारा कुठून. काळी का पिवळट.
"पिवळट बी लिव्ह. खोटं नगं."

बोर्डाची गाडी आली मंगळवारी, अकराला.
कडक ऊन, वारा पार लिंबेजळगावकडं.
यंत्र ओट्यावर ठेवलं, चहा झाला.
मर्यादेत आहे, म्हणाले.

कडूबाईनं वही पुढं केली, वहीवर जोडवी.
साहेब तरुण होता, वाईट नव्हता,
सगळी पानं उलटली त्यानं.
"पण हे मोजलंय कशात? एकक काय?"
ती माझ्याकडं बघाय लागली.
मग म्हणाली, "रात."
साहेबानं रकान्यात आडवी रेघ मारली.
पलीकडच्या खोलीत शाहिस्ताची पोरगी
रिकामा पंप हलवून बघत होती.

वहीत वेळेचा रकाना नाही.
तिनं कधी विचारलं नाही,
मी आखला नाही.
पावणेदोन.
सुपरवायझरचा मिस्ड कॉल आला की
स्क्रबर बंद, वीज वाचते,
आणि बायपासच्या चाकावर हे हात.

पहाटे साबणानं दोनदा धुऊन परततो.
खिळ्यावरची जोडवी उजेडात धरतो.
काळी, लिहितो.
आज पट्टी घेऊन शेजारी एक उभी रेघ ओढली.
"हितं काय येणार?" कडूबाई विचारते.