प्लांता

जानेवारीतली रात्र, पावणेअकरा.
अंबडच्या गेस्ट हाऊसवरून इन्याकीचा मेसेज:
मे दुएले ला प्लांता.

चार शब्द. चारही मला ठाऊक होते.
कुलथेबाईंच्या क्लासला सोळा महिने गेले होते मी,
शनिवार-रविवार, कॉलेज रोडला, झेरॉक्सवाल्याच्या वर.
दुएले म्हणजे दुखतं. ला म्हणजे पुढचं नाम बाई.
आणि प्लांता तर माझी रोजचीच:
तिच्या दारात आम्ही कार्ड पंच करतो,
ती बाटल्या भरते, बुचं मारते,
तिच्याच पगारावर माझ्या स्कूटीचा हप्ता जातो.

बोरस्तेसाहेबांना फोन लावला.
सर, त्याला कारखाना दुखतोय.
"दुखतोय म्हणजे? कुठे?"
ते मेसेजमध्ये नव्हतं.

तिसऱ्या पाळीत लाइन थांबली.
सोपान वाघेरेनं टॉर्च घेतला, पट्ट्याखाली शिरला,
बेअरिंगला कान लावून बसला वैद्यासारखा.
"ठणठणीत आहे ताई. तुमचा शब्दच तपासा एकदा."

डिकीतला कोश काढला, पार्किंगच्या दिव्याखाली.
प्लांता: रोप.
त्याच्या खिडकीत तर कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही.
प्लांता: मजला.
मजला कसा दुखेल? (दुखतो. लिफ्ट दिवाळीपासून बंद,
तो राहतो चौथ्यावर.)
कारखाना. तो तपासून झाला.
आणि सगळ्यात खाली, जिथं असायला हवा तिथंच,
तळपाय.

मी पोचले तेव्हा तो जिन्यात बसलेला,
एक बूट काढून, पाऊल मांडीवर घेऊन,
पत्र वाचावं तसा त्याकडे बघत.
चौदा-चौदा तास आमच्या काँक्रीटवर उभा होता बिचारा.
मी म्हणाले, पेर्दोन.
तो म्हणाला, लाइन का थांबली?

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती हसली नाही.
बावीस वर्षं तिनं मोहाडीच्या बागांत काड्या लावल्या,
स्वतःची एकही नाही.
म्हणाली, "मग चुकलं काय त्यांचं?
काडी खोचली की माती तळपायानं दाबायची.
हातानं दाबलेली काडी डोलते.
पायाखालून गेल्याशिवाय रोप होतं का कधी?"
आणि भेगांना कोकमतेल चोळत बसली,
अंगठ्यापासून टाचेपर्यंत, सावकाश,
कोशात नसलेल्या क्रमानं.

तेलाची अर्धी वडी तिनं कागदात बांधून दिली.
"दे त्या पाव्हण्याला. गरम करून म्हणावं."
गरम करून, हे मला स्पॅनिशमध्ये नीट जमलं नाही.
हातानं करून दाखवलं.

आता तो बरा आहे, लंगडतो थोडा.
पॅनेलवर मराठी पाट्या लावायचं काम चालू आहे:
हिरव्या बटणाखाली मी लिहिलं, कळ.
त्यानं वही काढली. के सिग्निफिका?
मी म्हटलं, ही दाबायची असते.
त्यानं लिहून घेतलं, खाली रेघ मारली, पान उलटलं.

दुसरी, जी सोसायची असते,
ती मी सांगितली नाही.
पाळी संपायला अजून पाच तास आहेत.
उभ्या उभ्या कळेल.