धाकट्याची खूण

फ्रीजमध्ये तारल्यांच्या वर, लोण्याच्या शेजारी
तुझी सुई असते, झेफेरिनो.
महिन्यातून एकदा ती काढून
मी अर्धा तास खिडकीत ठेवते,
गार टोचली की तू शिव्या देतोस.
पोटाची चिमूट धरायची, दहा आकडे मोजायचे.
झालं. आपलं काम एवढंच.

पोर्तोच्या दवाखान्यात डॉक्टर ग्रासिंदांनी
मासळीच्या पावतीमागे चित्र काढून दिलं होतं,
अजून कपाटाच्या दाराला चिकटवलंय.
हे यकृत. ही त्यातली एक पेशी.
हे औषध: वीस अक्षरांची दोरी,
रक्तात कुणी कुरतडू नये म्हणून गंधक लावलेली,
टोकाला साखरेच्या तीन गाठी.
साखर कशाला? मी विचारलं.
म्हणाल्या, यकृताच्या दारातले हात
ही साखर तेवढी ओळखतात.
म्हणजे आमिष.
हसल्या. आमिषच.

दार उघडत नाही. दारच आत खचतं
आणि दोरीला पोटात घेऊन त्याचा फुगा होतो.
तिथेच खरी गोची.
शंभरातल्या नव्व्याण्णव त्या फुग्यातच अडकतात,
आंबट होत जाणाऱ्या अंधारात.
एखादीच निसटते.
कशी?
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"नीट ठाऊक नाही कुणालाच."
त्या मला तेव्हा पहिल्यांदा आवडल्या.
चाळीस वर्षं जाळी सांधतेय मी पोवोआच्या धक्क्यावर.
मासा कुठून गेला ते भोक
मासा गेल्यावरच दिसतं.

आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण खूण होती,
दोन आडव्या रेघा, एक उभी,
वल्ह्यावर, बुचांवर, शेवटी थडग्यावर.
थोरल्यांनी ती घ्यायची तर एकेक रेघ वाढवून.
धाकट्याला मात्र बापाची जशीच्या तशी.
तू धाकटा.
तुला खूण जशीच्या तशी आली
आणि सोबत ते एक चुकलेलं अक्षर,
जे बाबांच्या तळव्यांत शिरून गुडघ्यांपर्यंत चढलं.
शेगडीला पाय टेकून बसत,
कातडी भाजल्याचा वास आधी आईला यायचा.
धक्क्यावरच्या बायका दुरून ओळखत,
पाऊल उचलून आपटत चालणारा माणूस.
पावलांचा आजार, म्हणत. आवाज खाली जायचा.

माझ्या पाकिटात ते अक्षर नव्हतं.
मी ते तुझ्याआधी फोडलं होतं,
आठ दिवस तुला सांगितलं नाही.

तर ती निसटलेली एक.
गाभ्यापाशी जाते, तिथून निघणाऱ्या चिठ्ठ्या चाचपते,
आपल्या उलट्या अक्षरांची जोडी सापडेपर्यंत.
सापडली की अंगाला अंग लावून पडते. बस्स.
कापणारा दुसराच: पेशीच्या घरातली जुनी कात्री,
असं जोडून पडलेलं दिसलं की
चिठ्ठीच तेवढी मधोमध चिरते.
चिठ्ठी गेली, तिच्यावरून शिजणारं प्रथिन गेलं.
दोरी शाबूत. पुढच्या चिठ्ठीकडे मोकळी.

वाईट चिठ्ठ्याच कापते ना?
नाही. चांगल्याही.
त्या प्रथिनालाही काम होतं, अ जीवनसत्त्वाची ने-आण,
म्हणून तुझी ती रोजची पिवळी गोळी,
जी तू कुंडीत टाकतोस आणि मला कळत नाही असं समजतोस.
आणि मेलेली नस परत येत नाही.
हे त्यांनी चित्रावर लिहिलं नव्हतं.
मी लिहिलं, घरी आल्यावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने.

काल तू अंगणात अनवाणी उभा होतास.
म्हणालास, फरशी गार आहे.
रात्रभर दव पडलं होतं, गार असणारच,
कुणीही न टेकता सांगितलं असतं.
मी वळले नाही.
हातातली गाठ पुरी केली,
मग दुसरी.